फोर्ड 3000 चे बोअर : 20, 30 की थेट 40?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूर जिल्ह्यात देपालपूरजवळच्या शेतावर आजोबांच्या काळातला, 1974 चा फोर्ड 3000 आहे. इंजिन उघडले तेव्हा तिसऱ्या सिलिंडरमध्ये उभी चर निघाली. पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या गजन पिनचे सर्क्लिप, म्हणजे पिन जागेवर धरणारी कडी, सुटून बाहेर आले होते आणि त्यानेच ती पाडली. पहिल्या दोन सिलिंडरमध्ये चर नाही, नेहमीची झीज आहे. बोअर गेजने वरच्या भागात घेतलेली झिजेची मापे अशी (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, 0.025 मिमी) : पहिला आडव्या दिशेने 9 थाऊ आणि पिनच्या दिशेने 4, दुसरा 11 आणि 5, तिसरा 8 आणि 4. जुन्या पिस्टनच्या डोक्यावर 'एसटीडी' (स्टँडर्ड, मूळ माप) आहे, म्हणजे ब्लॉक अजून एकदाही बोअर झालेला नाही. मिस्त्री म्हणतात, "चालीस कर दो, झंझट खतम." म्हणजे बोअरचा व्यास 40 थाऊने वाढवून तेवढेच मोठे (ओव्हरसाइझ) पिस्टन घालायचे. पिस्टन अजून घेतलेले नाहीत. सासरेबुवांचे मत आहे की तिन्ही सिलिंडरला स्लीव (आत दाबून बसवायची लोखंडी नळी) घालून परत स्टँडर्ड करावे. कोणाचे ऐकायचे?

माझे मत आधी सांगून टाकतो : तिसऱ्या सिलिंडरला स्लीव, आणि तिन्ही सिलिंडर 20 वर. दुसरा सिलिंडर 20 मध्ये साफ झाला नाही, तरच तिन्ही 30 वर. 40 चा विचार आज करायचाच नाही. आता कारणे.

फोर्डच्या या तीन सिलिंडरच्या इंजिनाला लायनर, म्हणजे बोअरमधली बदलता येणारी नळी, नाही. पिस्टन थेट ब्लॉकच्या लोखंडात चालतो. आपल्याकडच्या जुन्या ट्रॅक्टरांत हे जरा वेगळे प्रकरण आहे. झेटॉरला ओले लायनर असतात, म्हणजे त्यांना बाहेरून थेट पाणी लागते. लायनर-पिस्टनचा किट आणला, जुना ओढून काढला, नवा बसवला, की काम संपले. तिथे ओव्हरसाइझची भानगडच नाही. मॅसी 35 आणि त्याच्या वंशातला 1035, किंवा इंटरनॅशनल बी-275, यांना सुके लायनर. जुन्या एअरकूल्ड आयशरचा तर सिलिंडरच वेगळा सुटून हातात येतो. या सगळ्यांत बोअर बिघडले तर बदलायला एक सुटा भाग असतो. फरीदाबादला 1971 पासून निघालेल्या फोर्ड 3000 मध्ये तसा भाग नाही. खरडून टाकलेले लोखंड परत येत नाही, म्हणून या ब्लॉकमध्ये प्रत्येक साइझ जपून वापरायची. 20 नंतर 30 उरते, 30 नंतर 40 उरते. पहिल्याच बोअरिंगला 40 गाठले की पुढच्या वेळी स्लीवशिवाय दुसरा रस्ता राहत नाही.

मिस्त्रींच्या बाजूने एक गोष्ट मात्र खरी आहे. 11 थाऊ झीज म्हणजे 20 मध्ये आरामात बसेल, असा हिशेब बरेच जण करतात आणि तो चुकतो. बोअर गेज व्यास सांगतो, झीज कोणत्या भिंतीची झाली ते सांगत नाही. पिस्टनचा जोर एका भिंतीवर जास्त पडतो, त्यामुळे 11 पैकी 8 थाऊ एका बाजूला आणि 3 समोरच्या बाजूला, अशी वाटणी होऊ शकते. बोअरिंग मूळ मध्यावरच व्हायला हवे. मग ज्या बाजूला 8 थाऊ खड्डा आहे ती बाजू साफ व्हायला त्रिज्या 8 ने वाढवावी लागेल, म्हणजे व्यास 16 ने. ते 20 मध्ये बसते आणि होनिंगलाही (दगडाने शेवटची घासणी) जागा राहते. पण सगळेच्या सगळे 11 थाऊ एकाच भिंतीचे गेले असतील तर व्यास 22 ने वाढवावा लागेल आणि 20 पुरणार नाही. म्हणून दुसरा सिलिंडर हा तुमच्या ब्लॉकचा निकाल लावणारा सिलिंडर आहे. बोअरिंगवाल्याला सांगा, सुरुवात दुसऱ्यापासून कर, आणि पहिला हात 12-14 थाऊचाच मार. त्यानंतर भिंतीवर काळा, न कापलेला पट्टा किती उरला ते स्वतः वाकून पाहा. बोटाएवढा फिकट पट्टा असेल तर तो पुढच्या हातात जाईल. तळहाताएवढा काळा डाग असेल तर 30.

इथेच काही कारागीर एक पळवाट काढतात. मशीनचा मध्य वरच्या झिजलेल्या भागावर धरतात. मग बोअर झिजेच्या बाजूला सरकतो, 20 मध्ये छान साफही होतो, आणि गिऱ्हाईक खूश. पण सिलिंडरचा मध्य आता क्रँकच्या मध्याशी जुळत नाही. मध्य धरायचा तो खाली, जिथे रिंगा पोचतच नाहीत आणि लोखंड मूळ मापाचे आहे तिथे. दुसरी गोष्ट ब्लॉकच्या वरच्या तोंडाची. फिरते बोअरिंग मशीन त्या तोंडावरच बसते. तिथे जुन्या गॅस्केटचा पापुद्रा किंवा एखाद्या स्टडच्या भोकाची उठलेली कड राहिली तर मशीन तिरके बसते आणि अख्खा बोअर तिरका निघतो. मशीन चढवण्याआधी ब्लॉकवर सपाट तेलदगड फिरवून घ्या. पाच मिनिटांचे काम आहे, पण बहुतेक ठिकाणी कोणी करत नाही.

आता तिसरा सिलिंडर. सर्क्लिपने पाडलेली चर पिनच्या बाजूला असते. तिची खोली टोकदार टीपच्या डायलने मोजा. नुसते नख अडकते एवढ्यावरून काही ठरत नाही, नख दोन थाऊलाही अडकते. चर 25 थाऊ खोल निघाली, आणि सर्क्लिपच्या चरा सहज तेवढ्या खोल जातात, तर 40 ओव्हरसाइझनेही ती जाणार नाही, कारण 40 मध्ये प्रत्येक भिंतीचे फक्त 20 थाऊ निघतात. म्हणजे मिस्त्रींचा सल्ला मानला तर चांगले दोन सिलिंडर विनाकारण 40 वर जातील आणि ज्याच्यासाठी हे सगळे केले त्या तिसऱ्याची चर तशीच राहील. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. चर 6-7 थाऊचीच असेल तर गोष्ट वेगळी, ती 20 मध्येच जाईल आणि स्लीवही लागणार नाही. पण तुमच्या फोटोत ती वरपासून रिंगांच्या अख्ख्या प्रवासभर दिसते आहे, त्यामुळे मी स्लीव धरूनच चाललो आहे.

सासरेबुवांचा सल्ला चुकीचा नाही, पण घाईचा आहे. तिन्ही स्लीव म्हणजे तीन ठिकाणी मूळ भिंत बरीच खरवडून त्यात सुका लायनर दाबून बसवायचा. एक स्लीव नीट बसवणे आणि तीन नीट बसवणे यात कारागिराच्या हाताची परीक्षा तिप्पट होते. स्लीव आणि ब्लॉक यांचा सगळीकडे घट्ट स्पर्श नसेल तर तेवढ्या जागी उष्णता अडते आणि पिस्टन तिथेच धरतो. साधारण दोन थाऊ दाबून बसेल असे माप ठेवा, आणि खाली ब्लॉकमध्येच एक पायरी सोडायला सांगा, म्हणजे स्लीव कधी खाली सरकणार नाही. स्लीव तिसऱ्यात घातली की तिलाही आतून 20 वरच बोअर करा. तिन्ही पिस्टन एकाच सेटचे, एकाच वजनाचे राहतात, आणि पुढच्या वेळी कोणता सिलिंडर कोणत्या मापाचा हे कोणाला लक्षात ठेवावे लागत नाही.

हे सगळे करण्याआधी मात्र ब्लॉक प्रेशर टेस्टला द्या. हे इंजिन ज्यांनी उघडले आहे त्यांना त्याची ही खोड माहीत असते : सिलिंडरच्या भिंतीला पाण्याच्या बाजूने बारीक भोके पडतात. पिस्टन भिंतीवर आपटतो, भिंत थरथरते, पाण्यात बारीक बुडबुडे तयार होऊन भिंतीलाच फुटतात आणि लोखंड कणाकणाने खातात. वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये साधे बोअरवेलचे पाणी भरलेले असेल तर गंज आणि क्षार त्यात भर घालतात. माळव्याचे भूजल बेसॉल्टमधले, जड. बॉयलरसारखा पांढरा थर सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या जॅकेटमध्ये मी नेहमीच पाहतो. आतून भिंत गुळगुळीत दिसते आणि मागून ती अर्धी खाल्लेली असते. अशा भिंतीचे आणखी 10 थाऊ, म्हणजे पाव मिलिमीटर, काढले की पहिल्याच हंगामात तेलात पाणी येते. भक्कम ब्लॉकला पाव मिलिमीटरने काही होत नाही, पण तुमचा भक्कम आहे का हे आधी कळायला हवे. जॅकेटचे प्लग काढून आत टॉर्च मारा, थर खरवडून भिंत पाहा, आणि ब्लॉक गरम पाण्यात बुडवून हवेचा दाब द्यायला सांगा. पहिल्या किंवा दुसऱ्या सिलिंडरमधून बुडबुडा आला तर त्यालाही स्लीव, आणि मग सासरेबुवा जिंकले.

दुसरा सिलिंडर तपासून साइझ ठरली की पुढचा क्रम पाळा : आधी पिस्टन हातात, मग शेवटचे माप. "20 चे पिस्टन येतील, तोवर बोअर करून ठेवतो," असे कोणी म्हणाले तर नको म्हणा. डब्यावरचे 20 हे नाव आहे. पिस्टनचे खरे माप त्याच्या आगेमागे असते, आणि इंदूरच्या सियागंज बाजारात एकाच नावाचे दोन वेगवेगळ्या कारखान्यांचे सेट दोन मापांचे निघू शकतात. बोअर पिस्टनला मापून करायचा. प्रत्येक पिस्टनवर मार्करने 1, 2, 3 घाला, प्रत्येकाचे माप घ्या, त्यात क्लिअरन्स (पिस्टन आणि भिंत यांमधली मोकळी जागा) मिळवा, तेवढाच तो सिलिंडर.

मायक्रोमीटर कुठे लावायचा तेही महत्त्वाचे. पिस्टन गोल नसतो आणि सरळही नसतो. पिनच्या दिशेने तो मुद्दाम कमी मापाचा घडवलेला असतो, आणि डोक्याकडे आणखी बारीक होत जातो. रिंगांच्या खालच्या भागावर, म्हणजे स्कर्टवर, पिनला काटकोनात, जिथे तो सगळ्यात रुंद आहे तिथले माप धरा. कोणी डोक्यावर मायक्रोमीटर लावून माप घेतले तर बोअर काही थाऊ घट्ट निघतो आणि इंजिन पहिल्या नांगरटीला जाम होते.

क्लिअरन्सचा आकडा पिस्टनच्या डब्यातल्या चिठ्ठीवर किंवा मॅन्युअलमध्ये असतो, तोच पाळा. तो मोटारसायकलवाल्यांना फार वाटतो. तो एवढा का, याचा साधा हिशेब पाहा. फोर्ड 3000 चे बोअर 4.2 इंच, म्हणजे 106.7 मिमी. चालू इंजिनात पिस्टनचा स्कर्ट थंड असतानापेक्षा 120 अंशांनी तापला आणि भिंत 80 अंशांनी, असे धरू. पिस्टनचे अॅल्युमिनियम मिश्रधातू दर अंशाला ओतीव लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगते. गणित केले तर पिस्टन पाव मिलिमीटर वाढतो आणि बोअर जेमतेम 0.09 मिमी. फरक 0.16 मिमी, म्हणजे सहा थाऊ. ही जागा थंड इंजिनात आधीच ठेवलेली हवी. "दोन थाऊ ठेवू, घट्ट बरा, आवाज करणार नाही," असे सांगणारा कारागीर पेट्रोल इंजिनांवर शिकलेला असतो.

याच गणिताची दुसरी बाजू : मेच्या दुपारी उन्हात आलेला पिस्टन आणि सावलीतला ब्लॉक यांची मापे एकमेकांशी लावू नका. दोन्ही रात्रभर एकाच खोलीत ठेवा, मापे सकाळी घ्या. होनिंग करतानाही सिलिंडर तापतो. दहा अंशांनी तापला तरी बोअर अर्धा थाऊ मोठा दिसतो, आणि थंड झाल्यावर तेवढा कमी भरतो. शेवटचे माप ब्लॉक हाताला थंड लागल्यावरच.

होनिंगसाठी दोन-तीन थाऊ राखून ठेवायला सांगा. बोअरिंगच्या टूलने लोखंड फाटल्यासारखे निघते, तो फाटका थर होनिंगनेच जातो. भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या रेघा दिसल्या पाहिजेत, त्यांत तेल राहते. आरशासारखा चकचकीत बोअर घेऊन आलात तर रिंगा बसणारच नाहीत आणि ट्रॅक्टर तेल पीत राहील.

मग धुणे. या कामात सगळ्यात जास्त आळस इथे होतो. डिझेलने किंवा रॉकेलने धुतलेला ब्लॉक स्वच्छ दिसतो, पण होनिंगच्या दगडाची बारीक पूड त्या रेघांतच बसलेली असते. ती फक्त गरम पाणी, साबण आणि ब्रशने निघते. भांडी घासायची पावडर नको, कपड्यांचा साबण चालेल. धुऊन, वाळवून, पांढऱ्या सुती फडक्याला तेल लावून बोअर पुसा. फडके करडे निघाले तर परत धुवा. पांढरे निघेपर्यंत. मग लगेच तेलाचा हात, नाहीतर पावसाळ्यात तासाभरात गंज धरतो.

रिंगा पिस्टनच्याच साइझच्या हव्यात. हे लिहायची गरज पडू नये, पण पडते. 20 च्या बोअरमध्ये स्टँडर्ड रिंग घातली तर तिच्या दोन टोकांमधला गॅप किती वाढतो? व्यास 20 थाऊ वाढला की परीघ त्याच्या 3.14 पट वाढतो, म्हणजे गॅप 63 थाऊने जास्त. ही रिंग नाही, दरवाजा झाला. योग्य गॅप बोअरच्या दर इंचाला तीन-चार थाऊ धरतात, तुमच्या बोअरला साधारण 13 ते 17. प्रत्येक रिंग तिच्याच सिलिंडरमध्ये घालून, उलट्या पिस्टनने इंचभर खाली सरळ ढकलून फीलर गेज लावा. पात्याला हलकी ओढ लागली पाहिजे. गॅप कमी निघाला तर टोके घासता येतात, जास्त निघाला तर सेट परत करा.

आता मूळ दुखणे, कारण त्याबद्दल तुम्ही विचारलेच नाही. सर्क्लिप का सुटले? नवे पिस्टन, नवा बोअर, सगळे केले आणि कारण तसेच राहिले तर नवे सर्क्लिपही सुटेल. माझा पहिला संशय वाकलेल्या कनेक्टिंग रॉडवर. रॉड थोडा जरी वाकला किंवा पिळला असला तर पिन प्रत्येक फेऱ्यात एका बाजूला सरकू पाहते आणि सर्क्लिपवर हातोडीसारखी ठोकत राहते. जुन्या तिसऱ्या पिस्टनच्या स्कर्टवरचा घासल्याचा डाग पाहा. तो सरळ उभा असेल तर रॉड ठीक. एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली, असा तिरका असेल तर रॉड वाकडा. तिन्ही रॉड अलाइनमेंटला द्या, छोट्या टोकाचे बुश बदला, क्रँकच्या जर्नलला टेपर नाही ना ते मोजा. दुसरी शक्यता म्हणजे मागच्या कोणत्यातरी कामात जुनीच सर्क्लिपे परत वापरली गेली. सर्क्लिप एकदा काढले की ते फेकायचे. नवे बसवताना त्याचे उघडे तोंड वर किंवा खाली ठेवा, बाजूला नको, आणि खाचेत पूर्ण बसले आहे का ते स्क्रूड्रायव्हरने फिरवून पाहा.

जुळणीतले बाकी सगळे मिस्त्रींना येते, त्यात मी शिकवायला नको. दोनच गोष्टी सांगा. पिस्टनवरची खूण पुढच्या बाजूला, कारण हे डायरेक्ट इंजेक्शनचे इंजिन आहे, पिस्टनच्या डोक्यातली वाटी उलटी बसली तर धूर जाणार नाही. आणि पिस्टन वरच्या टोकाला आणून डायलने त्याची उंची मूळ उंचीशी ताडून घ्या. काही स्वस्त ओव्हरसाइझ पिस्टनांत पिनपासून डोक्यापर्यंतचे अंतर वेगळे असते. ब्लॉकचे तोंडही घासले असेल तर पिस्टन हेडला किंवा व्हॉल्व्हला लागायचा.

ताकद वाढेल का, असे विचारणारे भेटतील. 40 केले तरी घनफळ 1.9 टक्के वाढते आणि 20 ला एक टक्कासुद्धा नाही. डिझेल पंपाला हात लावू नका.

चालू केल्यावर तासन् तास मंद आचेवर ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे, ती सोडा. रिंगांना भिंतीवर दाबणारा वायूचा दाब भार आल्यावरच तयार होतो. रिकाम्या चालण्याने भिंत चकचकीत होते आणि रिंगा बसत नाहीत. पाणी गरम होईपर्यंत थांबा आणि ट्रॉलीला लावा, निम्मी भरून. चढावर थोडा भार, मग थोडा मोकळा, असे पहिले काही दिवस. रोटाव्हेटर पहिल्या 25-30 तासांत नको. तेल साधे मिनरल 15डब्ल्यू40, सिंथेटिक नको. रेडिएटरमध्ये पाण्याऐवजी तयार कूलंट, आणि एअर क्लीनरच्या तेलाच्या वाटीचे तेल बदललेले, होजची क्लिप घट्ट. वरच्या भागात 11 थाऊ झीज ही धुळीचीच खूण आहे, आणि ती धूळ कुठूनतरी आत येत होती. ती होज काढून आतून बोट फिरवा. बोटाला माती लागली तर नवी होज, मगच इंजिन सुरू करा.

25 तासांनी तेल आणि फिल्टर बदला, टॅपेट परत लावा, हेड बोल्टचा टॉर्क मॅन्युअलप्रमाणे तपासा. ब्रीदरमधून (इंजिनाच्या पोटातला वायू बाहेर सोडणारी नळी) सुरुवातीला थोडा धूर येईल. पन्नास तासांनंतरही तो तसाच जोरात येत असेल तर हेड न उघडता आधी तीन सिलिंडरचे कॉम्प्रेशन वेगवेगळे घ्या आणि आकडे मला कळवा. सोयाबीनच्या पेरणीआधी वेळ कमी आहे, तेव्हा ब्लॉक या आठवड्यातच टेस्टला टाका. भोक निघाले तर स्लीव मागवायला वेळ लागतो.